बेंचवरची सातवी जागा

मागच्या वर्षी मे महिन्याच्या चार तारखेला, रविवारी सकाळी साडेदहा वाजता, आमच्या फुटबॉल क्लबच्या कार्यकारिणीने नवे प्रशिक्षक आणि व्यवस्थापन नेमण्यासाठी अठरा लाख साठ हजार रुपये मंजूर केले. हजर पाच जण. अध्यक्ष नानासाहेब, ज्यांचा दूध पावडरचा कारखाना आहे आणि ज्यांच्या पैशावर हे सगळं उभं आहे, सचिव वकीलसाहेब, पूर्वी आमच्याच क्लबाकडून खेळलेले दोन सभासद, आणि खजिनदार म्हणून मी. रज्जाक सर हजर नव्हते. छत्तीस वर्षं ज्यांनी क्लबाला खेळायला शिकवलं, त्यांना या बैठकीचं बोलावणं नव्हतं, कारण विषय त्यांच्याच जागेचा होता. हे नियमाला धरून आहे असं वकीलसाहेब म्हणाले. मलाही तसंच वाटलं.

आता पुन्हा मे आला आहे. जेवणाच्या टेबलावर अर्जांचा गठ्ठा आहे, एकवीस अर्ज. पंख्याच्या वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून वंदनाने, माझ्या बायकोने, त्यावर खलबत्त्यातला बत्ता ठेवला आहे. सरकारी कागदावर मी अहिल्यानगर लिहितो, तोंडात अजून नगरच येतं. दुपारी बाराला रस्ता रिकामा होतो. कांद्याचे टेम्पो मार्केट यार्डाकडे जातात आणि त्यांच्या मागे तो उग्र गोडसर वास बराच वेळ रेंगाळतो. कूलरच्या वाळ्याच्या जाळ्या काल बदलल्या, म्हणून घरभर ओल्या वाळ्याचा वास आहे. मला हा वास पूर्वी आवडायचा. आता तो आला की एक हॉल आठवतो, एक लांब टेबल, आणि मी हातात यादी घेऊन दारात उभा आहे.

नोकरीने मी पतसंस्थेत हिशेबनीस. बावीस वर्षं दुसऱ्यांचे आकडे जुळवतो आहे. क्लबाचं खजिनदारपद मला कोणी मान म्हणून दिलेलं नाही; वही नीट ठेवणारा माणूस हवा होता. तोवर क्लबाचा वर्षाचा खर्च दीड लाखाच्या वर कधी गेला नव्हता. दोन चेंडू, जाळी, चुना, परगावच्या सामन्याला एक टेम्पो. मग राज्यात व्यावसायिक लीग सुरू झाली, नानासाहेबांना हौस आली, आणि ज्या पोरांना सामन्यानंतर वडापाव मिळायचा त्यांच्याशी आम्ही पगाराचे करार केले. करार वकीलसाहेबांनी लिहिले. पहिल्या करारावर सही करताना राहुरीच्या गोलकीपरने तीनदा विचारलं, "यात जमिनीचं काय न्हाई ना?"

लीगचं नियमांचं पुस्तक जाडजूड होतं. मी ते पूर्ण वाचलं, कार्यकारिणीत बहुधा मीच एकट्याने. त्यात दोन गोष्टी आमच्यासाठी महत्त्वाच्या होत्या. एक, मुख्य प्रशिक्षकाकडे फुटबॉल शिकवण्याचं लायसन्स पाहिजे. दुसरी, सामन्याच्या वेळी मैदानाच्या कडेला, राखीव खेळाडूंच्या बेंचवर, फक्त सात अधिकारी बसू शकतात आणि सातांची नावं आधी यादीत द्यायची. मुख्य प्रशिक्षक, सहायक, गोलकीपरचा प्रशिक्षक, मॅनेजर, फिजिओ, डॉक्टर आणि सातवा किटमन, म्हणजे कपडे, चेंडू, पाण्याच्या बाटल्या सांभाळणारा. यादीत नाव नसेल तर तो माणूस कोणीही असो, त्याने दोरीच्या बाहेर राहायचं.

रज्जाक सरांकडे लायसन्स नव्हतं. सर वर्कशॉपमध्ये फिटर होते, सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. कामावरून सुटले की सायकलवरून थेट मैदानावर. हाताला ग्रीसचा वास, आणि त्याच हातांनी ते चेंडूत हवा भरायचे. पंप मोडला तर तोही तेच दुरुस्त करायचे. बादली भरून आणणं, फाटलेली जाळी शिवणं, चुन्याची रेघ मारणं, पोरांच्या घामट जर्स्या घरी नेऊन धुऊन आणणं, यातल्या कशालाही आम्ही काम म्हणत नव्हतो. ते सरांचं असायचं.

एका उन्हाळ्यात त्या राहुरीच्या गोलकीपरला त्याचे वडील सामन्याला सोडेनात, कांदा काढणी चालू होती. सर सकाळच्या एसटीने गेले, बांधावर चप्पल काढली आणि दिवसभर त्या कुटुंबाबरोबर पात कापत बसले. संध्याकाळी वडीलच म्हणाले, न्या बाबा त्याला. हे मला सरांनी सांगितलेलं नाही. त्यांनी फक्त जाण्यायेण्याचं एसटीचं तिकीट माझ्याकडे दिलं होतं, कारण मी तिकिटाशिवाय पैसे देत नाही हे त्यांना ठाऊक होतं. तिकिटालाही कांद्याचा वास होता.

मागच्या वर्षी जाहिरात दिली. अर्ज आले. दोघांनी कुठल्याशा आमदारांबरोबरचे फोटो जोडले होते. एकाने लग्नाचा बायोडेटाच पाठवला होता, त्यात वर्ण गव्हाळ आणि नाडी मध्य असंही लिहिलेलं होतं. वंदना म्हणाली, "यालाच घ्या, निदान पत्रिका तरी जुळेल." मी मात्र गुणांचा तक्ता केला. शंभर गुण. लायसन्सला चाळीस, अनुभवाला पंचवीस, खेळाडू म्हणून कामगिरीला पंधरा, इंग्रजी आणि संगणकाला दहा, मुलाखतीला दहा. शिफारशीला शून्य. या तक्त्याचा मला अभिमान वाटला होता. नानासाहेबांचे दोन पाहुणे त्यातच गळाले आणि नानासाहेबांना काही बोलता आलं नाही.

सतरावा अर्ज रज्जाक सरांचा होता. आखीव कागदावर, स्वच्छ अक्षरात, डाव्या बाजूला समास सोडून. पद या शब्दापुढे त्यांनी लिहिलं होतं: मुख्य प्रशिक्षक, अगर योग्य वाटेल ते.

मुलाखती एका हायस्कूलच्या चित्रकलेच्या हॉलमध्ये घेतल्या. उन्हाळ्याची सुट्टी, शाळा रिकामी, हॉलमध्ये वाळ्याचा कूलर, व्हरांड्यात एक बाक. उमेदवारांना बोलावायचं काम मी घेतलं होतं, कारण क्रम चुकलेला मला चालत नाही. बाकावर सर बसले होते, इतर तिघांच्या बरोबर. पांढरा शर्ट, बाहीला इस्त्रीची धार, मांडीवर प्लास्टिकची फाईल. त्या बाकावर बसलेल्या एका उमेदवाराने त्यांना विचारलं की पाणी कुठे मिळेल, तो त्यांना शिपाई समजला होता. सर उठले आणि त्याला माठ दाखवून आले.

मी दारातून यादी वाचली. "शेख रज्जाक इमाम."

ते उभे राहिले आणि म्हणाले, "हाजर."

लहानपणी मैदानावर रोज संध्याकाळी ते आमची अशीच हजेरी घ्यायचे. मी मान खाली घातली आणि यादीवर खूण केली.

आत वकीलसाहेबांनी सगळ्यांना विचारलेले प्रश्नच त्यांनाही विचारले. नाव. जन्मतारीख. शिक्षण. मी लिहून घेत होतो. मला त्यांच्या तिन्ही मुलींची लग्नं ठाऊक होती, त्यांच्या डाव्या गुडघ्याची कथा ठाऊक होती, आणि मी शिक्षणापुढे आयटीआय असं लिहीत होतो.

"लायसन्स?"

"न्हाई."

"पुढेमागे काढायचा विचार?"

"पंधरा-पंधरा दिवस पुन्याला ऱ्हायचं, परीक्षा इंग्रजीत. तवा कामावरून सुट्टी न्हवती. आता सुट्टीच सुट्टी हाय, तर डोळं न्हाईत."

"मग सर, अर्ज कसा काय केलात?" वकीलसाहेबांनी हे टोचून विचारलं नाही. त्यांना खरंच कळेना.

"जाहिरातीत लिव्हलंय, अनुभवी लोकांनी अर्ज करावा. मला वाटलं, आपल्याबद्दलच लिव्हलंय."

नानासाहेब मोठ्याने हसले. बाकीचे हसावं की नाही या विचारात राहिले. मग सरांनी फाईल बंद केली आणि माझ्याकडे बघून बोलले. मला ते आयुष्यभर अरे-तुरे करत आले. त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाले, "तुमी लिव्हून घ्या. मोठी जागा नको. कुटलीबी द्या, पर बेंचवरची द्या. पोरं खेळताना मला लांबून बघता येत न्हाई."

मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: इतर जागेस तयार.

हॉलबाहेर एका टेबलावर रोख पैशांची पेटी होती. उमेदवाराने प्रवासाचं तिकीट द्यायचं, सही करायची, पैसे घ्यायचे. पुण्याचा, कोल्हापूरचा, मिरजेचा, सगळ्यांनी तिकिटं दिली. सरांची पाळी आली.

"सर, तिकीट?"

"भिंगारहून कसलं तिकीट?"

भिंगार नगरला लागूनच, सर सायकलवर आले असणार; मी रकान्यात आडवी रेघ मारली. त्यांनी तिच्यापुढे सही केली. पूर्ण नाव, र च्या सुरुवातीला छोटं वळण, जशी त्यांची सही असते.

गुण मी त्याच संध्याकाळी मांडले. सूरज पाटील, कोल्हापूर, वय चौतीस: एकोणऐंशी. रज्जाक सर: अनुभवाचे पंचवीसपैकी पंचवीस, खेळाचे नऊ, मुलाखतीचे दहापैकी दहा. एकूण चव्वेचाळीस. मी दोनदा बेरीज केली. बेरीज बरोबर होती.

त्याच हॉलमध्ये झालेल्या पुढच्या बैठकीत सूरज पाटील नक्की झाला. मॅनेजर म्हणून पुण्याची केतकी, जी खेळांच्या व्यवस्थापनाचंच शिकलेली. सहायक, गोलकीपरचा प्रशिक्षक, फिजिओ, डॉक्टर ठरले. किटमनच्या जागेसाठी कोणीच आलं नाही. महिना दहा हजार, सहा महिने, साठ हजारांची तरतूद तशीच राहिली. मी शेऱ्याचा रकाना वाचून दाखवला.

नानासाहेबांनी दोन्ही हात वर केले. "अहो खजिनदार, काय बोलताय? सरांना बाटल्या भरायला लावायच्या? गावात तोंड दाखवू देतील का लोक?"

वकीलसाहेब म्हणाले, "त्यांनी ते विनयाने म्हटलं. माणूस मोठा आहे."

"मोठा आहे म्हणूनच," नानासाहेब म्हणाले. "सरांचा आपण सत्कार करू. जंगी. आणि क्लबाच्या लेटरहेडवर त्यांचं नाव छापू. मुख्य मार्गदर्शक. वर, माझ्या नावाच्या शेजारी."

आपल्याकडे माणसाला बाजूला करायची ही जुनी रीत आहे, आणि ती वापरताना कोणाच्याही मनात वाईट नसतं. मीही मान हलवली. मला उलट सुटल्यासारखं वाटलं. खर्च कुठल्या बाबीतून टाकायचा, एवढाच प्रश्न उरला. सत्काराला तरतूद नव्हती. किटमनच्या साठ हजारांतून टाका, असं मीच सुचवलं.

शाल नऊशे पन्नास. स्मृतिचिन्ह अठराशे. नारळ पंचेचाळीस. हार आणि गुच्छ चारशे. एकूण तीन हजार एकशे पंच्याण्णव. पावत्या जोडलेल्या आहेत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, संध्याकाळी, मैदानावर मांडव घालून सत्कार झाला. वळवाचे ढग आले होते आणि पडले नाहीत, त्यामुळे उकाडा आणखी वाढला. सरांच्या अंगावर लोकरी शाल. घाम त्यांच्या कानामागून खाली येत होता आणि ते शाल काढत नव्हते, कारण भाषणं चालू होती. नऊ भाषणं झाली. प्रत्येकाने त्यांना भीष्माचार्य, द्रोणाचार्य असं काहीतरी म्हटलं. त्यांना बोलायला सांगितलं तेव्हा ते उभे राहिले, माईक जरा लांब धरला आणि म्हणाले, "पोरांनो, पानी पीत जा." आणि बसले.

घरी आल्यावर वंदना म्हणाली, "सत्कार होता की निरोपसमारंभ?"

"सत्कार."

"मग त्यांच्या बायकोला का रडू येत होतं?"

मी म्हणालो, आनंदाने. ती साडीच्या पिना काढत राहिली.

लीगचा हंगाम नोव्हेंबरात सुरू झाला. तोवर मैदानावर हिरवळ आली होती, रोज दोन टँकर पाण्यावर. घरच्या पहिल्या सामन्याला मुख्य पाहुण्यांसाठी सोफे मांडले, त्यांना पांढरी कव्हरं. सरांना नानासाहेबांनी हाताला धरून सोफ्यावर बसवलं, एका बाजूला नगरसेवक, दुसऱ्या बाजूला टायरचे व्यापारी. समोर काजूची बशी. सोफा खोल होता. सरांचे गुडघे छातीपर्यंत आले होते आणि पुढच्या लोकांच्या डोक्यांतून त्यांना मैदानाचा अर्धाच भाग दिसत असणार. माझं लक्ष तिकीटविक्रीच्या आकड्यांत होतं. मध्यंतरानंतर बघतो तर सोफ्यावर त्यांची जागा रिकामी आणि घडी केलेली शाल सोफ्याच्या हातावर ठेवलेली. सर कोपऱ्यात, कडुलिंबाच्या झाडाखाली, दोरीला पोट लावून उभे होते.

पुढचे सामने ते तिथेच उभे राहिले. ओरडायचे नाहीत. फक्त राहुरीचा गोलकीपर एखाद्या वेळी तिकडे बघायचा आणि मग दोन पावलं पुढे यायचा.

सूरज पाटील भला माणूस होता, हे लिहायला पाहिजे. कोल्हापूरच्या पेठेत वाढलेला, बोलायला मोकळा. चौथ्या सामन्यानंतर माझ्याकडे आला. "खजिनदारसाहेब, ते झाडाखालचं म्हातारं कोण ओ? आपला डावा बॅक दमला की ते मान हलवतंय. मला हितं कळायच्या आदी त्यास्नी तिथं कळतंय."

मी सांगितलं.

"मग तिथं कशाला उभं केलंय त्यास्नी?"

"ते मुख्य मार्गदर्शक आहेत."

"आस्सं," तो म्हणाला, आणि माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला.

केतकी तर अधिक सरळ होती. "काका, बॅगा खेळाडूच उचलतायत, बाटल्या कोणी भरत नाही. परवा उत्तरार्धात पाणीच नव्हतं. किटमनचं बजेट आहे ना?" मी म्हणालो, आहे, छप्पन्न हजार आठशे पाच. "मग माणूस का नाही?" मी म्हणालो, योग्य अर्ज आला नाही.

जानेवारीतल्या एका सामन्याला लीगचे निरीक्षक आले. त्यांनी दोरीजवळच्या माणसांचं ओळखपत्र मागितलं. लेटरहेडवर नाव असलं तरी गळ्यात अडकवायला सरांकडे काही नव्हतं. त्यांनी वाद घातला नाही. झाडाखालून निघाले, गेटबाहेर लावलेली सायकल घेतली, आणि गेले. सामना आम्ही दोन-एकने जिंकलो. त्यानंतर ते मैदानावर आले नाहीत. त्यांना जाताना मी तिकिटांच्या टेबलावरून पाहिलं होतं. उठलो असतो तर गेट दहा पावलांवर होतं. पण समोर रोकड होती.

माझ्या पायात फुटबॉल कधीच नव्हता. तेरा वर्षांचा असताना मी रोज मैदानावर जायचो, डावा बॅक खेळायचो, आणि माझ्या बाजूने गोल व्हायचे. शाळांच्या स्पर्धेसाठी संघ निवडला तेव्हा माझं नाव येणार नाही हे मलाही माहीत होतं. सगळे गेल्यावर मी चपला शोधत होतो. सर चेंडूतली हवा सोडत होते. म्हणाले, "मुनीम, तुज्या पायात फुटबॉल न्हाई. पर वही चांगली लिव्हतो म्हनं तू. गोल कुनी मारला, कवा मारला, कार्ड कुनाला, समदं लिव्हायला एक मानूस पायजे. बेंचवर बस माझ्याजवळ." तसा माणूस कुठल्याच शाळेच्या संघात नव्हता. त्यांनी ती जागा माझ्यासाठी तयार केली. चार वर्षं मी बेंचवर बसलो, त्यांच्या उजव्या हाताला, गुडघ्यावर वही. आज मी जे काही आहे ते त्या वहीतून आलं आहे, असं मोठं वाक्य मी लिहिणार नाही. पण बेंचवरून मैदान कसं दिसतं ते मला ठाऊक आहे. तिथून खेळाडूंचा श्वास ऐकू येतो.

हे सगळं मला मागच्या मे महिन्यात, तक्ता मांडताना, आठवलं नव्हतं. किंवा आठवलं होतं आणि त्याला कुठला रकाना नव्हता.

हंगाम एप्रिलमध्ये संपला. दहा संघांत आम्ही सहावे. सूरज पाटलाला दुप्पट पगारावर दुसरीकडे बोलावणं आलं, तो गेला. केतकी गेली. फिजिओही गेला. कोणी फसवलं नाही, करार संपला होता. जाताना सूरजने मैदानाच्या कडेला वाकून गवताला हात लावला. मी सगळ्यांचे शेवटचे हिशेब चुकते केले आणि पुन्हा जाहिरातीचा मजकूर लिहायला घेतला. अनुभवी उमेदवारांनी अर्ज करावेत, इथपर्यंत आलो आणि पेन ठेवलं.

गेल्या रविवारी भिंगारला गेलो. सरांचं घर दोन खोल्यांचं, पुढे पत्र्याची पडवी. सकाळचे दहा वाजले होते तरी पत्रा तापायला लागला होता. सर खुर्चीवर, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. मोतीबिंदू काढून आठच दिवस झालेले. त्यांच्या बायकोने, आम्ही त्यांना खाला म्हणतो, कैरीचं पन्हं आणून दिलं. कोपऱ्यात स्मृतिचिन्ह होतं, त्याच्या टोकाला किल्ल्या अडकवलेल्या. शाल दिसली नाही.

"काय मुनीम? कशी वाट चुकली?"

"जागा निघाल्यात पुन्हा."

"कळलं. सूरज येऊन गेला जायच्या आदी. पोरगं चांगलं हुतं."

मी इकडचं तिकडचं बोलत राहिलो. पन्हं संपलं. मग विचारलं, "सर, मागच्या वर्षी किटमनची जागा वर्षभर रिकामी होती. तुम्हाला माहीत होतं?"

"पोरं सांगायची की. बाटल्या न्हाईत, पट्ट्या न्हाईत."

"आम्हाला वाटलं, तुम्हाला तसं विचारणं म्हणजे अपमान."

त्यांनी उघड्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. "छत्तीस वर्सं बाटल्या कुनी भरल्या रं?"

मी पन्ह्याचा रिकामा पेला खाली ठेवला.

"मी तर सांगितलं हुतं तुला. तू लिव्हून बी घेतलंस. मला वाटलं, मुनीमनं लिव्हलंय म्हंजी झालं काम." त्यांनी पट्टीच्या कडेने आलेलं पाणी रुमालाने टिपलं. "तुमी शाल दिली. आता शाल पांघरलेल्या मानसाला कोन म्हननार, चल, बादली उचल?"

आतून खाला म्हणाल्या, "शाल मी जावयाला दिली. लई गरम हुती."

मी म्हणालो, "यंदा येता का?"

रस्त्यावरून एक पाण्याचा टँकर गेला, मागे ओली रेघ सोडत. "नोव्हेंबरपातूर डोळा बरा हुईल," ते म्हणाले. "गुडघ्याचं काय सांगत न्हाई. पर बसूनच तर काम हाय."

काल बैठक झाली. पुन्हा पाच जण, पुन्हा तोच हॉल, तोच कूलर. किटमनच्या जागेसाठी नानासाहेबांनी एक नाव आणलं होतं, एका प्रायोजकाचा भाचा, ज्याला सामने जवळून बघायचे होते. "शब्द दिलाय मी," नानासाहेब म्हणाले. मी सरांचं नाव सांगितलं. पुन्हा तेच झालं. लोक काय म्हणतील, माणूस मोठा आहे. वकीलसाहेब म्हणाले की लेटरहेडवर मुख्य मार्गदर्शक आणि यादीत किटमन, हे विचित्र दिसेल.

"मग लेटरहेडवरून नाव काढा," मी म्हणालो.

"खजिनदार, तुम्ही दमलाय," नानासाहेब म्हणाले.

"दमलोय. चेकवर दोन सह्या लागतात. त्यातली माझी या जागेसाठी दुसऱ्या कोणाच्या नावावर होणार नाही. हवं तर खजिनदार बदला, जाहिरात मीच लिहून देतो."

हे मी मोठ्या आवाजात म्हटलं नाही. मला भांडायची शक्तीच नव्हती. नानासाहेब पंख्याकडे बघत बसले. त्यांनाही बहुधा एकवीस अर्जांचा कंटाळा आला असावा. शेवटी म्हणाले, "घ्या बाबा. भाच्याला सोफ्यावर बसवू." ठराव झाला. यादीतल्या पहिल्या सहा ओळी अजून कोऱ्या आहेत. सातव्या ओळीत शेख रज्जाक इमाम लिहिलं आहे. गुणांचा तक्ता या जागेला लावलेला नाही, तसा शेरा मी लिहिला आहे.

पगार ऑक्टोबरपासून, महिना दहा हजार. आज संध्याकाळी नियुक्तीपत्र द्यायला पुन्हा भिंगारला गेलो. सरांनी कागद डोळ्याजवळ नेला, लांब नेला, आणि सही करायला पेन मागितलं. सही झाल्यावर म्हणाले, "मुनीम, येक ऱ्हायलंच. त्या मुलाखतीच्या दिवशी मी सायकलवर आलो न्हवतो. इस्त्रीचा शर्ट हुता. शेअर रिक्षानं आलो. जाताना वीस, येताना वीस. रिक्षावाला कुठं तिकीट देतोय?"

"तेव्हा का नाही बोललात?"

"तू रेघ मारली हुतीस."

मी पिशवीतून व्हाउचरचं पुस्तक काढलं आणि पडवीतच लिहिलं. मुलाखतीसाठी प्रवासभत्ता, मागील वर्षाचा. रुपये चाळीस फक्त. घेणार: शेख रज्जाक इमाम, भिंगार. रोख दिले, सही घेतली. तिकीट जोडलेले नाही.